मेडिकलच्या काउंटरवरून दिसणारे व्यसन

बालाघाटाच्या डोंगररांगेला लागून असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावात माझे औषधांचे दुकान आहे. एका बाजूला एसटी स्टँड, दुसऱ्या बाजूला सरकारी ग्रामीण रुग्णालय आणि समोरच्या गल्लीत देशी दारूचे परवानाधारक दुकान असल्यामुळे व्यसन हा विषय मला हवा असो वा नसो, रोज पाहावा लागतो. गावात नशा म्हटले की लोकांना वर्तमानपत्रातील ‘एमडी’ नावाची अमली पूड आठवते आणि उपचार म्हटले की पुण्या-सोलापूरकडचे एखादे व्यसनमुक्ती केंद्र. मला मात्र वर्षानुवर्षे वेगळेच दिसत आले आहे. व्यसनी माणसाचे सर्वांत धोक्याचे दिवस दोनदा येतात, एकदा नशा बंद केल्यावरचा पहिला आठवडा आणि नंतर केंद्रातून घरी परतल्यावरचे पहिले काही महिने. हे दोन्ही काळ तो आमच्याच गावात काढत असतो. तरीही आमचा सगळा पैसा आणि सगळी धावपळ मधल्या, गावाबाहेरच्या टप्प्यावरच खर्च होते.

आमच्याकडचे मुख्य व्यसन दारूचे आहे आणि ते इतके उघड आहे की त्याची बातमी होत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे, दारू पितात आणि त्यांपैकी साधारण ५.७ कोटी लोकांना दारूपायी उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. याच अहवालातील दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता आणि दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस तर १८० जणांत एक होता. उरलेले ३७ जण काय करतात, ते मला काउंटरवरून दिसते. ते सकाळी पित्ताची गोळी मागतात, दुपारी लिव्हरचे टॉनिक मागतात, हात थरथरतात म्हणून झोपेची गोळी मागतात आणि अंगात त्राण उरले नाही की एखाद्या दवाखान्यात ‘ताकदीची बाटली’ लावून घेतात. दारू हा शब्द या सगळ्या प्रवासात कोणीही उच्चारत नाही. रुग्ण लपवतो, घरचे लपवतात आणि समोर चाळीस माणसांची रांग असलेला डॉक्टरही विचारायचे टाळतो.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आमच्या भागात नाही असे मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले, तेव्हा ते मुंबईच्या पोरांचे खूळ मानले जात होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना सापडला, पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांचा छापा सांगली जिल्ह्यातील इरळी या लहानशा गावात पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यात तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या पकडल्या गेल्यानंतर आरोपींची यादी लांबतच गेली. तुळजापूर आमच्यासाठी परके नाही, आमच्या घरचा कुलाचार तिथलाच आहे. त्यामुळे त्या दिवसांत गावात फार बोलले गेले, मात्र ते सगळे पोलीस, पुढारी आणि पैसा यांच्याविषयीचे होते. ज्या पोरांनी त्या पुड्या ओढल्या त्यांचे पुढे काय करायचे, याविषयी मी एकही वाक्य ऐकले नाही. या नशेवर उतारा म्हणून देता येईल असे खास औषध नाही. थांबवल्यावर पोरगा काही दिवस नुसता झोपून राहतो, मग आठवडेच्या आठवडे उदास, चिडका आणि संशयी असतो, आणि याच काळात आत्महत्येचा विचार बळावण्याची भीती असते. ‘आता सुटले, झोपतोय बिचारा’ असे म्हणून घरच्यांनी निर्धास्त व्हावे, असा हा काळ नव्हे.

एमडी आणि दारू यांच्या मधला जो पट्टा आहे तो थेट माझ्या धंद्यातून जातो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. चिंता आणि झोपेसाठी देतात त्या अल्प्राझोलामच्या गोळीला मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, झोपेच्या नायट्राझेपामला बऱ्याच ठिकाणी ‘बटन’ म्हणतात, खोकल्याचे कोडीनयुक्त औषध बाटलीच्या बाटली रिचवले जाते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळेतील पोरे ‘दम वाढतो’ म्हणून टोचून घेतात. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, कोडीन, वेदनाशामक ट्रामाडोल यांसारखी औषधे ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. ट्रामाडोल तर २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखालीच गेले आहे. नियम चांगला आहे, पण चिठ्ठी बनवणारेही हुशार आहेत. घडी घालून घालून मऊ पडलेली झेरॉक्स, दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दवाखान्याचा शिक्का, तारखेवर गिरवलेला आकडा आणि शेवटच्या ओळीत वेगळ्या शाईने वाढवलेली गोळ्यांची संख्या, असा तो कागद असतो. खरा रुग्ण बहुधा ‘ती पिवळी बारीक गोळी’ असे म्हणतो आणि डॉक्टरचे आडनावही चुकवतो, नशेसाठी मागणारा मात्र औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम न अडखळता सांगतो. मी नाही म्हणतो. पुढच्या चौकात कोणी तरी हो म्हणत असेलच, आणि तो हो म्हणणारा आमच्याच व्यवसायातला आहे, याची लाज वाटते.

तरीही नुसते नाही म्हणणे म्हणजे उपचार नव्हे, हे मला फार उशिरा उमगले असे नाही, पण त्यावर करता येण्यासारखे काही हातात नव्हते. महिनोन् महिने अल्प्राझोलाम घेणाऱ्याची गोळी एका रात्रीत तोडली तर त्याला झटके येऊ शकतात. ती आठवड्यागणिक थोडी थोडी कमी करत न्यावी लागते आणि ते डॉक्टरनेच करायचे असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ आमच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी येऊ लागल्यापासून मी नकारासोबत त्या वाराचा पत्ताही देतो. बहुतेक जण ऐकून निघून जातात. काही जण जातात आणि त्यांच्या हातात खरी चिठ्ठी घेऊन परत येतात, तिच्यावर दर आठवड्याला मात्रा उतरत गेलेली असते.

आता त्या पहिल्या आठवड्याकडे येतो. आमच्याकडे दारू सोडण्याचा मुहूर्त घटस्थापनेचा असतो. घरात घट बसले, नऊ दिवस दारूला शिवायचे नाही, अनवाणी राहायचे आणि कोजागिरीला चालत तुळजापूरला जायचे, असा नेम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्या नेमाच्या बळावर कायमची दारू सोडलेली माणसेही मी पाहिली आहेत. त्यामुळे त्या श्रद्धेची टिंगल मी करणार नाही. अडचण अशी की जो माणूस वर्षानुवर्षे सकाळी उठल्या उठल्या चपटी लावतो, त्याचा मेंदू दारूच्या सततच्या दाबाला सरावलेला असतो, आणि तो दाब एकाएकी काढून घेतला की मेंदू बेफाम उसळतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, माणसे दिसतात, कोणी मारायला आले आहे असे वाटते. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. नवरात्राचा हिशेब लावला तर हे सगळे तिसऱ्या-चौथ्या माळेला घडते, आणि देवीच्या दिवसांत बडबडणाऱ्या, थरथरणाऱ्या, घामाघूम झालेल्या माणसाकडे पाहून लोक काय समजतात ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. अंगात आले असे समजून त्याच्यापुढे उदबत्ती लावली जाते, किंवा बाहेरची बाधा समजून त्याला देवऋषीकडे नेले जाते.

काही वर्षांपूर्वी एका ट्रॅक्टरचालकाला असेच सगळीकडून फिरवून अखेर ग्रामीण रुग्णालयात आणले होते. औषधे पोचवायला मी स्वतः गेलो होतो. तो खाटेवर ताठ बसून हवेत स्टिअरिंग धरून होता, डाव्या पायाने क्लच दाबत होता, उजव्या हाताने गिअर टाकत होता आणि समोर कोणी नसताना ‘अय, बाजूला व्हा, ट्रॉली भरलीय’ असे ओरडत होता. कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या. त्याची आई पायाशी बसून अंगारा लावत होती. ड्यूटीवरच्या तरुण मेडिकल ऑफिसरने पाच मिनिटांत ओळखले. त्याने आधी थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, मेंदू शांत करणारे लोराझेपाम दिले, मग सलाईन लावले आणि रुग्णवाहिकेने जिल्ह्याला पाठवले. तो माणूस वाचला. आईला मी नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, दारू सोडल्यानं माणूस मरतंय, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्या थायमिनविषयी मुद्दाम लिहितो, कारण ही माझ्या कपाटातली गोष्ट आहे. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व पुष्कळदा जवळपास संपलेले असते. अशा माणसाला ‘ताकद येईल’ म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावली तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर फिरते, तोल जातो, शुद्ध हरपते आणि त्यातून सावरला तरी काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून थायमिन आधी आणि ग्लुकोज नंतर, हा साधा क्रम आहे. ते इंजेक्शन अगदी स्वस्त आहे, आणि एखादी वस्तू महाग नसली की ती मागवायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही, असा आमच्या खरेदी-विक्रीचा विचित्र नियम आहे.

सौम्य किंवा मध्यम त्रास होणाऱ्याला घरी ठेवून, रोज एकदा तपासून, क्लोरडायझेपॉक्साइडसारखी मेंदू शांत ठेवणारी गोळी आठवडाभरात उतरवत नेऊन दारू सुखरूप थांबवता येते. ज्याला पूर्वी फिट आलेली आहे, भ्रम झालेला आहे किंवा यकृत-हृदयाचा आजार आहे त्याला दाखलच करावे लागते. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात हे होऊ शकते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, पुण्याचा डॉक्टर लागत नाही. लागते ते एक प्रशिक्षण घेतलेला मेडिकल ऑफिसर, कपाटात तीन-चार जुनी स्वस्त औषधे आणि ‘बेवडा आहे, बाहेर काढा’ असे न म्हणणारा कर्मचारीवर्ग. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे.

दुकानात येणाऱ्या बायकांची मागणी मात्र निराळीच असते. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून एखादी पदराआडून हळूच विचारते, “दादा, मालकांना कळू न देता भाजीत घालायची ती गोळी द्या ना.” ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकारी होते आणि रक्तदाब कोसळतो. तिचा उपयोग आहे, पण तो माणसाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने, रक्त तपासून, आणि गोळी घेताना घरचे कोणी समोर असताना केला तरच. न सांगता दिली आणि त्याने नेहमीसारखी क्वार्टर रिचवली तर हृदयाचा रुग्ण जागच्या जागी दगावू शकतो. शिवाय भाजीत काही घालतात हे एकदा कळले की त्या घरात तो पुन्हा जेवत नाही, आणि बायकोवरचा उरलेला विश्वासही जातो. हे मी सांगतो तेव्हा समोरची बाई निमूटपणे ऐकते आणि बहुधा निराश होऊन जाते, कारण एसटीच्या मागच्या काचेवर आणि मोबाइलवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा पावडरीच्या जाहिराती तिने वाचलेल्या असतात. त्या पावडरीत काय असते ते पुडीवर लिहिलेले नसते. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे निघून कित्येक वर्षे झाली, पण आमच्या तालुक्यात ती लिहून देणारा डॉक्टर महिन्याकाठी मोजकेच दिवस असतो, आणि म्हणून मीही ती चार-दोन पाकिटांहून जास्त ठेवत नाही. मागणी नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून मागणी नाही.

यानंतर केंद्रांचा विषय येतोच. पुण्याचे मुक्तांगण डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले आणि त्यासाठी पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या एक लाखाच्या देणगीची हकीकत महाराष्ट्रात सर्वज्ञात आहे. तिथला मुक्काम पाच आठवड्यांचा असतो, पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट चालतो, आणि व्यसन हा आजार आहे ही भाषा मराठी घरांत पोचवण्याचे मोठे श्रेय या संस्थेकडे जाते. सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात अशी निवासी केंद्रेही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आमच्या गावातून तिकडे जाणारे थोडेच, कारण तिथे माणूस स्वतःच्या पायाने जावा लागतो. ज्यांना ‘उचलून नेणारे’ केंद्र हवे असते ते खासगीकडे वळतात. गाडी पहाटे येते, चार जण त्याला धरून नेतात, तीन महिने भेट नाही, फोन नाही, आणि दर महिन्याचे पैसे आगाऊ. आमच्या ओळखीच्या एका घराने दुभती गाय विकून असे पैसे भरले आणि पोरगा परत आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. तिथे मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा आला, असे मी विचारले तर त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता.

मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ चा आहे आणि तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्याच्या कक्षेत येतात. अशा रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे असावी लागते, सज्ञान माणसाला त्याच्या संमतीविना ठेवायचे तर त्याला अटी आणि मुदत आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधणे कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे, डॉक्टर कोणत्या वारी येतो ते विचारावे आणि आठवड्यातून एकदा तरी रुग्णाशी बोलू देणार का ते विचारून घ्यावे. ही माहिती देताना जो चिडतो, त्याच्याकडे आपला माणूस सोडू नये.

असे असूनही घरचे त्या चार भिंतींकडे का धावतात, हे मला कळते. तीन महिने त्या बाईला शांत झोप मिळते, पोरांना मार बसत नाही, आणि शेजाऱ्यांना ‘कारखान्यावर कामाला गेलेत’ असे सांगता येते. या विसाव्याची किंमत कमी लेखणारे लोक बहुधा दारुड्याच्या घरात राहिलेले नसतात.

पण मग तो परत येतो. गुटगुटीत होऊन, दाढी करून, नवा शर्ट घालून स्टँडवर उतरतो, आणि पहिले जे चार जण भेटतात ते जुने सोबती असतात. हाताला काम नसते, घरात त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नसते, आणि तो संध्याकाळी पाच मिनिटे उशिरा आला तरी सगळे त्याचे तोंड हुंगतात. आमच्याकडे यात हंगामाची भर पडते. सोयाबीनची पट्टी हातात येते तेव्हा, उसाचे बिल जमा होते तेव्हा, ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा, लग्नसराईत आणि निवडणुकीत, घसरण्याच्या तारखा जणू आधीच ठरलेल्या असतात. दिवाळीच्या आसपास ‘ते पुन्हा सुरू झाले’ असे मला चार-दोन घरांतून तरी ऐकू येते. अफूवर्गातली नशा किंवा कोडीन घेणाऱ्याच्या बाबतीत यात आणखी एक धोका आहे. काही महिने नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि परतल्यावर त्याने सवयीने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून तो मरू शकतो. केंद्रातून सोडताना ही गोष्ट घरच्यांना लिहून द्यायला हवी, पण आजवर मी पाहिलेल्या डिस्चार्जच्या कागदांत ती कुठे आढळली नाही.

पहिल्या घसरणीनंतर घरचे म्हणतात, गेले सगळे पैसे पाण्यात. मधुमेहाच्या रुग्णाची साखर सणासुदीला वाढली तर आपण त्याला पुन्हा डॉक्टरकडे पाठवतो, निर्लज्ज म्हणत नाही. इथे मात्र एक ग्लास प्यायलेला माणूस आणि तीन महिने अखंड पीत असलेला माणूस, दोघांनाही एकच शिवी मिळते, आणि त्यामुळे पहिल्या ग्लासानंतर परत फिरायला तो धजत नाही. हा मधला काळ सांभाळायला गावात कोणी तरी असावे लागते, म्हणजे आठवड्याला भेटणारा, गोळी चालू आहे का विचारणारा, नोकरीच्या जागी एक शब्द टाकणारा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या सभा हे काम फुकट करतात. तिथे नाव-गाव विचारत नाहीत, पण ज्या गावात पाणपोईवर उभे राहिले तरी कोणाचा कोण ते ओळखले जाते, तिथे अनामिक राहणे कठीण. म्हणून आमच्याकडचे काही जण मुद्दाम चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या सभेला जातात आणि तिकडचे काही इकडे येतात. या व्यवस्थेवर हसण्यासारखे काही नाही, ती चालते.

तालुक्याच्या पातळीवर उपचार होऊ शकतात का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला परदेशात जावे लागत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालू आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून तो उभा केला. त्यात दारू आणि तंबाखू यांच्याविरुद्ध गावसंघटना आहेत आणि त्याचबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावात जाऊन भरवलेली एक दिवसाची शिबिरे आहेत. ज्या जिल्ह्यात रस्ते आमच्यापेक्षा विरळ आणि गावे आमच्यापेक्षा दूरदूर आहेत, तिथे हे जमते, तर आमच्या तालुक्यात का जमू नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात १९७५ पासून, आणि चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दारूबंदीवर आमच्या गावातही वाद होतात. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या खुणेला, मत दिले तर गावातील दारूचे दुकान बंद करता येते. या मतदानासाठी झटणाऱ्या बायकांविषयी मला आदर आहे, आणि समोरच्या गल्लीतले दुकान उद्या बंद झाले तर मी पेढे वाटीन. मात्र दुकान बंद होते त्या दिवशी गावातील पाच-पन्नास माणसांची दारू एकाएकी तुटण्याची शक्यता असते, आणि जे हातभट्टीकडे वळणार नाहीत त्यांना तिसऱ्या दिवशी काय होऊ शकते ते वर लिहिलेच आहे. बंदीची तारीख ठरवणाऱ्यांनी ती रुग्णालयाच्या अधीक्षकांना आधी कळवावी, एवढीच माझी मागणी असते. ती ऐकून दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे संशयाने पाहतात.

पोलिसांची भीती हे उपचाराला न येण्याचे आणखी एक खरे कारण आहे. एमडी किंवा गांजा घेणाऱ्या पोराच्या बापाला वाटते की डॉक्टरकडे नेले की गुन्हा दाखल होईल. डॉक्टर पोलिसांचा खबऱ्या नसतो, आणि कायदाही तसा आंधळा नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. वकिलाला हे कलम दाखवून विचारावे, कारण तालुक्याच्या कोर्टात ते फारसे कोणी पुढे करत नाही.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात त्या दिवशी सकाळी नऊच्या आत केसपेपर काढावा लागतो. सोबत माणूस घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, आणावीत, आणि शेवटची दारू कधी घेतली ते खरे सांगावे. त्या दिवसापर्यंत थांबता येत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे सरकारचे टोल फ्री क्रमांक आहेत. थरथर, घाम, फिट किंवा भ्रम दिसला तर फोनवर वेळ न घालवता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्ण दारू थांबवून किती तास झाले ते पहिल्याच वाक्यात सांगावे.